हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात आजा जिवंत असल्याचं सिद्ध करायला
आम्ही दोघं जायचो
कोपरखैरण्याहून वाशीला, पेन्शनच्या बँकेत.
कागद प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत,
वरून रबर.
बूट आदल्या रात्रीच घासून दाराशी उभे.

मशीनवर त्याचा अंगठा उमटायचा नाही.
उजवा नाही, डावा नाही.
मधलं बोट तर पहिल्या पेरापासून नव्हतंच.
"वर बर्फात राहिलंय," म्हणायचा,
आणि काउंटरवरची मुलगी माझ्याकडे बघायची.
"आजोबा, पुन्हा दाबा."
तो पुन्हा दाबायचा. सातव्यांदाही तितक्याच शिस्तीत.
मग एकदम सावधान उभा राहून, सगळ्या बँकेला ऐकू जाईल असं,
"हवालदार केरबा बाबाजी शेडगे, सिग्नल्स. हजर आहे."
लोक हसायचे.
मी पंधराची होते, चपलांकडे बघायचे.

लढाईचं विचारलं की तो तारेचं सांगायचा.
पाठीवर रीळ, या टेकडीवरून त्या टेकडीवर.
दगडाला एक वेढा, मग थोडी ढील.
ताणून बांधली तर गारठ्यात तुटते,
ढील दिली की वर्षभर बोलत राहते.
एवढंच. पुढं विचारलं तर शेंगा सोलायला घ्यायचा.

आई महाप्याला सकाळच्या पाळीत,
म्हणून माझ्या वेण्या आजा घालायचा.
साडेनऊ बोटांनी तीन पेड,
टोकाला तारेच्या जोडाला मारतात तसली गाठ.
रिबन संध्याकाळपर्यंत तसूभर हलायची नाही.
बाईंनी विचारलं, कोणी घातल्या गं?
मी म्हटलं, सैन्यानं.

नंतरची एकोणीस वर्षं
ठाणे-बेलापूर रोडवर, रंगाच्या कारखान्याच्या गेटवर, रात्रपाळी.
कारखाना गेला, तिथं काचेची इमारत आली.
तरी बस तिथून जाताना तो खिडकीतून
नव्या वॉचमनकडे बघून मान हलवायचा,
चार्ज दिल्यासारखी.

आणि फोन.
फोन तो आधी कधीच ठेवायचा नाही.
राँग नंबर असो, कर्ज विकणारी बाई असो,
पलीकडून कट झालं की मगच कानापासून काढायचा.

एका रात्री सेक्टरभर दिवे गेले होते, गॅलरीत डास,
तेव्हा अंधाराकडे बघत बोलला.
वरच्या चौकीवर एक पोरगा होता. गढवालचा.
दर पंधरा मिनिटांनी लाइन तपासायची.
"बोल." "बोलतोय."
सव्वातीनला मी आधी ठेवला, चहा घ्यायचा होता.
साडेतीनला कोणी उचलला नाही.
पहाटे गेलो वर, तार हातानं चाचपत.
कुठं तुटली नव्हती, बाय.
सगळी तपासली. कुठं म्हणजे कुठं तुटली नव्हती.

दिवे आले, पंखा फिरला.
त्यानं ताटातली उरलेली भाकरी खाल्ली.

त्याचा शेवटचा फोन माझ्या यादीत अजून आहे.
चार मिनिटं अकरा सेकंद.
बोलणं मिनिटभराचंच होतं: जेवलीस का, रविवारी ये.
मी हो हो म्हणत लिफ्टमध्ये शिरले,
कट करायचं विसरून फोन पर्समध्ये टाकला.
तीन मिनिटं तो थांबला होता तिथं.
माझ्या पर्समधल्या किल्ल्यांचा आवाज ऐकत.

यंदा नोव्हेंबरात एकटी गेले.
दुसरा दाखला घेऊन, दोन झेरॉक्स.
या दाखल्याला अंगठा लागत नाही,
पाच मिनिटांत काम झालं.

शेजारच्या काउंटरवर एक म्हातारे गृहस्थ
बोट दाबत होते. लाल दिवा. पुन्हा. लाल दिवा.
मी म्हटलं, काका, बोट आधी कपाळावर घासा,
जरा तेलकट झालं की उमटतं.
आम्हाला हे नवव्या वर्षी कळलं होतं.

हिरवा लागला.
"झालो का जिवंत?" त्यांनी विचारलं.
झालात, म्हटलं,
आणि पिशवीला पुन्हा रबर लावलं.